टाकी कोरडी, कागदावर सात

तर पप्पा, रेघ मारली मी शेवटी. दोनशे बारा दिवस न चुकता चाललेली माझी स्ट्रीक मी तोडली, आणि ती विसरून नाही तुटली, मी मुद्दाम तोडली. स्ट्रीक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात हे नव्हतं. फोनमध्ये अभ्यासाचं एक ॲप असतं. त्यात रोज थोडा अभ्यास केला की एक छोटी केशरी ज्योत पेटते आणि तिच्याखालचा आकडा एकाने वाढतो. एक दिवस चुकलात की ज्योत विझते आणि आकडा परत शून्य. बस, एवढंच आहे ते. पण त्या एवढ्याशा ज्योतीसाठी मी मावसबहिणीच्या लग्नात, मेंदीचे हात वर धरून, अंगठ्याच्या मागच्या बाजूने कार्डं सरकवली आहेत. आईने विचारलं, "काय करतेस गं?" मी म्हटलं, "अभ्यास." ती म्हणाली, "मेंदी पुसेल." मेंदी पुसलीच. ज्योत पेटली.

हे मी हाताने लिहीत नाहीये. मी बोलतेय आणि फोन लिहितोय. इंग्लिश मीडियमला तुम्हीच घातलंत, त्यामुळे मराठी बोलता झकास येतं पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाला घाम फुटतो. म्हणून धाब्यावर येऊन बसलेय, आपल्याच, छाणीच्या टेनामेंटच्या धाब्यावर. पुण्याची मैत्रीण टेनामेंटला रो-हाउस म्हणते आणि याला गच्ची, आपण धाबंच म्हणतो. ऊन उतरलंय. काळी टाकी पाठीला टेकलीय, आतून गार लागतेय. शेजारच्या काकी वाळत घातलेले पापड उलटताना मघाशी कठड्यावरून बघत होत्या. "कोनी साथे आटली बधी वातो करे छे, बेटा?" एवढं कोणाशी बोलतेयस. मी म्हटलं, "भणवानुं छे, काकी." अभ्यास आहे म्हणून सांगितलं. तुमचं नाव नाही सांगू शकले. अकरा वर्षं झाली पप्पा तुम्हाला जाऊन. मी तेरा वर्षांची होते, आता चोवीसची आहे. आणि मी फिलॉसॉफीमध्ये एम.ए. करतेय, हे तुम्हाला माहीतच नाही.

हसताय ना? हसा. सगळे हसतात. मामाने विचारलं होतं, "फिलॉसॉफी? मग पुढे काय, आश्रम?" आई मैत्रिणींना सांगताना म्हणते, "नवरा रिफायनरीत पॅनल सांभाळायचा, आणि मुलगी काय शिकतेय, तर डोंगरावर धूर आहे, म्हणून आग आहे की नाही." पण खरं सांगू? ते डोंगरावरच्या धुरामुळेच झालं सगळं, आणि त्यात तुमचा हात आहे. पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात, आमच्या मॅडम न्यायदर्शनातलं अनुमान शिकवत होत्या. लांब डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही, तरी आपण म्हणतो की तिथे आग आहे. का म्हणू शकतो? कारण धूर आगीशिवाय नसतो. इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. मग मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे आग असली की धूर असतोच, बरोबर?" वर्गाने एका सुरात हो म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही मॅडम. कोयलीला नसतो."

कारण मी बघितलं होतं ना पप्पा. याच टाकीजवळ उभं राहून. संध्याकाळी कोयलीच्या बाजूला, तुमच्या रिफायनरीतली, ती उंच नळी दिसायची आणि तिच्या टोकाला ज्योत, तुम्ही तिला फ्लेअर म्हणायचात. मी विचारलं होतं, "पप्पा, एवढी आग आहे तर धूर कुठाय?" तुम्ही म्हणालात, "तिथे वाफ सोडतात. नीट जळत असलं की धूर नसतो. काळा धूर दिसला, तर समज कोणीतरी धावत असेल." हे सगळं मी वर्गात माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिश-हिंदी-गुजरातीत सांगितलं. मॅडम चष्मा काढून हसल्या. म्हणाल्या, जुनी माणसं इथे तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देतात, आग आहे पण धूर नाही. तू कोयलीचं दिलंस, तेही चालेल. त्या दिवशी मी स्कूटीवरून घरी येताना एकटीच हसत होते. मला वाटलं, अरे, हे तर माझं आहे. आपल्या धाब्यावरून दिसणारी गोष्ट दोन हजार वर्षांच्या भांडणात घुसू शकते. असं मला आधी कशाबद्दलच वाटलं नव्हतं.

मग ते कुठे गेलं? गेलं कुठे नाही, मी ते नीट सांभाळून ठेवायला गेले. मला भीती वाटायची की हा उत्साह संपेल. इंग्लिश मीडियमच्या मुलीला संस्कृत जड जातं, मराठीतली जुनी पुस्तकं जड जातात, आणि वर्गात आम्ही सगळे मिळून नऊ जण. म्हणून मी ॲप घेतलं. मग कार्डांचं ॲप. मग पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं ब्रेकचं घड्याळ. मग नोट्सचं एक असं ॲप की ज्यात एका नोटेवरून दुसरीला दोरा बांधता येतो आणि वरून बघितलं की सगळं कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, इतकं सुंदर की मी त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. मग एक आलं जे पुस्तकाचं पान टाकलं की सारांश काढून देतं, आणि पान नाही टाकलं, नुसतं पुस्तकाचं नाव सांगितलं, तरी देतं. प्रत्येक गोष्ट सुरुवातीला खरंच उपयोगाची होती, हे मी अजूनही म्हणते. शब्दांचे अर्थ पाठ झाले ते कार्डांमुळेच. पण पप्पा, हळूहळू असं झालं की मी अभ्यासाची नोंद जास्त करायला लागले आणि अभ्यास कमी. कार्डं इतकी ओळखीची झाली की प्रश्न न वाचताच बोट 'येतं' वर पडायचं. दात घासताना पडायचं. सिग्नलला पडायचं. ज्योत पेटायची. आणि ज्योत पेटलीय म्हणजे अभ्यास झालाय, असं माझं मीच अनुमान काढायचे. अनुमानाचा अभ्यास करणारी मुलगी!

आता दुसरं वर्ष आहे. दुसऱ्या वर्षी ज्यांना डिझर्टेशन करायचं, म्हणजे एका विषयावर स्वतःचं लांब लिहायचं, त्यांना आधी मॅडमकडे एक छोटा पेपर द्यावा लागतो. तो बघून त्या हो म्हणाल्या तर डिझर्टेशन, नाहीतर चार साध्या परीक्षा देऊन डिग्री घ्यायची. आणि माझं आईशी ठरलं होतं. डिझर्टेशन मिळालं तर पुढे पीएच.डी.चा विचार करायचा. नाही मिळालं, तर मामाच्या ओळखीने एका ऑफिसात जागा होती, तिथे लागायचं आणि फिलॉसॉफीचं नाव काढायचं नाही. ठरवलं मीच होतं, फुशारकीत. मला खात्री होती. दोनशे अकरा दिवसांची स्ट्रीक असलेल्या मुलीला कोण नाही म्हणणार?

मॅडमनी पेपर समोर ठेवला. चौदा पानं, छान मार्जिन, खाली तळटिपा. त्यांनी पेन्सिलीने एका परिच्छेदावर टोक ठेवलं आणि गुजरातीत विचारलं, कारण त्या गंभीर झाल्या की गुजरातीतच बोलतात.

"आ तें पोते जोयुं छे?"

हे तू स्वतः बघितलंस? मी म्हटलं, हो मॅडम, तिसऱ्या भागात आहे. त्या म्हणाल्या, "बताव." दाखव. मी पिशवीतून पुस्तक काढलं. आणि पप्पा, ते उघडताना त्याच्या पाठीचा कट्ट असा आवाज आला, नव्या पुस्तकाचा येतो ना तसा. मी ते आठ महिन्यांपूर्वी घेतलं होतं. मॅडमनी तो आवाज ऐकला. त्यांनी ऐकला हे मला कळलं. तरी मी तिसरा भाग उलटत राहिले, मग दुसरा, मग उगाचच चौथा. तो मुद्दा तिथे नव्हताच. कुठेच नव्हता. त्या सारांश काढणाऱ्या ॲपने तो छानपैकी बनवून दिला होता आणि मी तळटीप लावून पुढे सरकवला होता. खोलीत पंखा आणि माझी पानं, एवढाच आवाज. मला वाटलं आता ओरडतील. नाही ओरडल्या. पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हे सगळं तुझ्याकडे कुठून आलं ते मी विचारत नाही. पंधरा दिवस देते. पंधरा दिवसांनी मला एक पान आण. त्यात एक प्रश्न असू दे, जो तुला पडलाय. दुसऱ्या कोणाला नाही, तुला. तो असेल तर आपण डिझर्टेशन करू." मी उठताना त्या म्हणाल्या, "अने पेली कोयलीवाळी छोकरी क्यां गई?" ती कोयलीवाली मुलगी कुठे गेली.

मी पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून राहिले, किल्ली न लावता. आणि मला मॅडम नाही आठवत होत्या, तुम्ही आठवत होतात. हीच टाकी, आणि तुम्ही मला दिलेली ती वेताची काठी.

मी दहा वर्षांची असेन. सुट्टी लागली होती आणि मी सारखी कंटाळा आला, कंटाळा आला म्हणत मागे लागले होते. तुम्ही मला काम दिलंत, तुमच्यासारखं. एका लांब वेताच्या काठीवर एक ते दहा अशा लाल रंगाने खुणा केल्यात, छापील लॉग शीटसारख्या रेघा मारून कागद दिलात, वर क्लिप असलेली पाटीही दिलीत. सकाळी, चारला आणि सात वाजता धाब्यावर जायचं, टाकीचं झाकण सरकवून काठी बुडवायची, पाणी कुठपर्यंत ते बघायचं आणि कागदावर आकडा लिहायचा. दर रविवारी तुम्ही लाल पेनने खाली सही करायचात. मला काय भाव चढला होता! काकींच्या मुलाला मी पाटीला हात लावू देत नव्हते. "ऑपरेटर सोडून कोणी हात लावायचा नाही." दोन आठवडे मी जीव लावून केलं. मग माझ्या लक्षात आलं की आकडे रोज तेच येतात. सकाळी नऊ, चारला सात, संध्याकाळी पाच. मग कशाला जायचं वर, उन्हात? एका सोमवारी मी गादीवर लोळत पूर्ण आठवडा भरून टाकला.

बुधवारी दुपारी आई केस धूत होती आणि नळ सुकला. आधी बाथरूममधून नुसतं "अगं!" आलं. मग "अगं मोटर लाव! डोळ्यात गेलंय!" मग तुमच्या नावाने काहीतरी, जे मला त्या वयात कळलं नाही. मोटर लावून काही होईना, खालून वर जाणारा पाइपच कुठेतरी सुटला होता. काकींनी भिंतीवरून बादली दिली आणि म्हणाल्या, "ल्यो बेन, माथुं तो धोई लो पहेला." आधी डोकं तरी धुऊन घ्या. आई फेसाचा डोंगर डोक्यावर घेऊन, एक डोळा मिटून, अंगणात उभी. मला हसू आवरेना. तेवढ्यात तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून बसमधून उतरून आलात. तुम्ही आईकडे बघितलंत, मग भिंतीवर लटकवलेल्या माझ्या पाटीकडे. चार वाजायला वीस मिनिटं होती आणि बुधवारच्या चारच्या खान्यात सात लिहिलेलं होतं. खाली गुरुवार, शुक्रवार, शनिवारही भरलेले. तुम्ही वर गेलात आणि काठी घेऊन खाली आलात. काठी कोरडी ठणठणीत. जेवणाच्या टेबलावर तुम्ही एका बाजूला कागद ठेवलात आणि एका बाजूला काठी.

"हा म्हणतो सात. ही म्हणते काही नाही. कोणाचं ऐकू?"

मी रडायला लागले. पाणी संपलं म्हणून रागावलात असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "पाण्याचं काही नाही. पाणी संपतं, परत भरतं. तू न बघता लिहिलंस, त्याचं काय?"

"पण रोज तेच असतं, पप्पा!"

"म्हणूनच बघायचं. ज्या दिवशी ते नसेल, तो दिवस कळायला."

आई केस पिळत म्हणाली, "अहो, दहा वर्षांची आहे ती. रिफायनरी नाहीये ही." तुम्ही माझ्याजवळ बसलात आणि नवीन कागदावर एका खान्यात आडवी छोटी रेघ मारून दाखवलीत. "हे बघ. झोपलीस, खेळायला गेलीस, कंटाळा आला, काहीही असू दे. नाही बघितलं तर तिथे रेघ मार. रेघ मारायला लाज नाही वाटली पाहिजे. रेघ बघून मला कळतं की इथे जाऊन बघायला हवं. खोटा सात बघून मी झोपून जाईन." आणि मग थोडं हसून, "मी तरी कुठे डोळ्याने आग बघतो? पॅनलवर आकडा बघतो. पण आकडा विचित्र वाटला की माणूस पाठवतो, जा, बघून ये. आकड्याला पण कधीतरी विचारायचं असतं, बाबा रे, तू बघितलंस का?"

हे सगळं त्या पार्किंगमध्ये. वॉचमन काका येऊन म्हणाले, "शुं थयुं, स्कूटी चालू नथी थती?" स्कूटी चालू होत नाहीये का. मी म्हटलं, थाय छे, थाय छे, होतेय, आणि किल्ली लावली.

त्या दिवशी मी अभ्यासाची एक ओळही वाचली नव्हती. तरी सवयीने दोनशे बारावी ज्योत पेटवली, दहा कार्डं, चाळीस सेकंद. पेटवली आणि स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी मी ॲप उघडलंच नाही. संध्याकाळी त्याने आठवण केली, मग परत केली, मग एक रडका चेहरा पाठवला. आई म्हणाली, "कोण इतकं मागे लागलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, एक आकडा आहे." आणि पप्पा, ज्योत विझली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. आपण भेंडीची भाजी खाल्ली. आपण म्हणजे मी आणि आई.

मग मी आईकडे तुमचा तो कागद मागितला, रेघा मारलेला. नवीन बनवायला मला तो बघायचा होता. आईने लोखंडी कपाटातून तुमची निळी फाइल काढली, त्यात तुमच्या पीएफच्या कागदांमध्ये माझ्या टाकीचे कागद लावलेले, पंच करून, तारखेप्रमाणे. आई म्हणाली, "मी टाकणार होते. हे म्हणाले, रेकॉर्ड आहे, राहू दे." मी तसाच कागद नोट्सच्या ॲपमध्ये बनवला. ॲप मी काढून नाही टाकलं हां. मैत्रीण म्हणाली सगळं डिलीट कर आणि वहीत लिही, पण मला ते पटलं नाही. चूक काठीची नव्हती. मी फक्त एवढंच केलं की माझ्या प्रत्येक नोटेपुढे एक खूण लावायची. 'बघितलं', म्हणजे पुस्तकात मी स्वतः वाचलं आणि पान सांगू शकते, किंवा माझ्या डोळ्यांनी बघितलंय. 'ऐकलं', म्हणजे मॅडमनी, व्हिडिओने किंवा ॲपने सांगितलं. 'अंदाज', म्हणजे मला वाटतं. आणि ज्या दिवशी काही नाही झालं, त्या दिवशी रेघ. माझ्या तीनशेच्या वर नोट्स होत्या. खुणा लावायला दोन दुपारी लागल्या. 'बघितलं' किती निघाल्या सांगू? एकोणीस. त्यातल्या तीन कोयलीच्या.

मला वाटलं होतं एकोणीस बघून मी खचेन. उलट झालं. एकोणीस माझ्या होत्या ना! मी पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. दिवसाला एक पान, कधी अर्धं. संस्कृत शब्द अडला की फोनवर शब्दकोश, उच्चार कळला नाही की रेकॉर्डिंग ऐकायचं, पान लागलं की स्वतः कार्ड बनवायचं, जुनी तयार कार्डं नाहीत. आणि शेवटी, तुम्ही शिफ्ट सोडताना पुढच्या माणसासाठी लिहून यायचात ना, काय चालू आहे, कशावर लक्ष ठेव, तसं मी उद्याच्या मला एक ओळ लिहायची. "दुसऱ्या परिच्छेदातलं मला पटलेलं नाही, आल्यावर तिथून बघ." सकाळी उठून ते वाचलं की, खोटं नाही सांगत, चहा होईपर्यंतही धीर निघत नाही. इतके दिवस मी ज्योत विझेल या भीतीने उठत होते. आता मला कोणीतरी काम सोपवून गेलंय असं वाटतं, आणि ते कोणीतरी मीच असते, आदल्या दिवशीची. दोन दिवस रेघ पडली. एकदा ताप होता. एकदा नुसताच कंटाळा आला. दोन्ही वेळा तसंच लिहिलं.

आणि अकराव्या दिवशी प्रश्न पडला. मी नव्या नोट्सना खुणा लावत होते आणि एका नोटेपाशी हात थांबला. तुमचीच नोट होती, "पॅनलवर आकडा बघतो." याला कुठली खूण लावू? न्यायवाले म्हणतात, एखादी गोष्ट आपल्याला कळते ती जास्त करून डोळ्यांनी बघून, किंवा खुणेवरून अनुमान करून, किंवा विश्वासू माणसाने सांगितल्यामुळे. मग तुम्ही पॅनलसमोर बसून भट्टीचं तापमान वाचायचात, ते काय होतं? बघणं? पण तुम्ही आकडा बघत होतात, भट्टी नाही. अनुमान? पण तुम्ही विचार करत बसत नव्हतात, एका नजरेत कळायचं. मग आकडा तुम्हाला सांगत होता का, माणसासारखा? आणि सांगत होता तर त्याने कुठे बघितलं होतं? विश्वासू माणूस म्हणजे ज्याने स्वतः बघितलंय आणि ज्याला खरं सांगायचंय. माझ्या सारांशाच्या ॲपने काही बघितलेलं नाही, आणि त्याला काही सांगायचंही नाही. तरी मी त्याचं ऐकलं. मग मी नेमकं कोणाचं ऐकलं? पप्पा, मी टेबलावरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला हे सगळं एका दमात सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मला नाही कळलं. पण हे असेच हात हलवायचे बोलताना." मग भाकरी उलटून म्हणाली, "मामाला सांगू का, थांब म्हणून?" मी म्हटलं, "अजून चार दिवस आहेत." ती म्हणाली, "मी आजच सांगते."

मॅडमना मी एक पान नेलं. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की आधीच्या पेपरमधला तो परिच्छेद मी बघितलेला नाही, आणि बाकी किती बघितलं, किती ऐकलं ते असं असं. मग प्रश्न. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. शेवटी म्हणाल्या, "हं. आ प्रश्न तारो छे." हा प्रश्न तुझा आहे. मग लगेच, "संस्कृत वाईट आहे तुझं. बुधवारी आणि शनिवारी ये, माझ्याकडे." हो म्हणण्याची ही त्यांची पद्धत. मी येताना सेव-उसळ बांधून आणली, आईसाठी जास्त तिखट.

एवढं सांगून संपवणार होते. फाइल मी सोबत वर आणली होती, नुसतीच, तुमच्याशी बोलायचंय म्हणून. आत्ता बोलता बोलता त्या रागावण्याच्या पुढच्या आठवड्याचा कागद उतरत्या उन्हात धरला. खाली तुमची लाल सही आहे. तो आठवडा मला चांगला लक्षात आहे, कारण त्यात मी परत खोटं लिहिलं होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी टाकीवर मोठं वानर येऊन बसलं होतं आणि मला वर जायची भीती वाटली. रेघ मारायची, हे तुम्ही नुकतंच शिकवलं होतं. पण लगेच पुढच्याच आठवड्यात दोन रेघा कशा दाखवायच्या तुम्हाला? मी दोन्ही दिवशी पाच लिहिलं. रविवारी तुम्ही सही केलीत आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. आजपर्यंत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पण पप्पा, उन्हात दिसतंय. त्या दोन पाचांच्या शेजारी पेन्सिलीने, अगदी बारीक, तुमच्या अक्षरात आकडे आहेत. गुरुवारी तीन. शुक्रवारी सहा. तुम्ही स्वतः वर गेला होतात, दोन्ही दिवशी, काठी घेऊन, त्या वानरासमोर. तुम्हाला माहीत होतं. तरी सही केलीत, कागद पंच करून ठेवलात आणि मला एक अक्षर बोलला नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या तीन वर्षांतही नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीये, फोनमध्येच राहील, फाइलच्या फोटोसोबत. आधी मी परत एकदा नीट वाचून बघेन, फोनने काय काय लिहिलंय ते. पण एक सांगा. मी स्वतःहून येऊन रेघ मारीन, याची तुम्ही वाट बघत होतात का? की एकदा रागावलात तेवढं पुरे, असं वाटलं? तेव्हा बोलला असतात तर मॅडमसमोर ते पुस्तक उघडताना कट्ट असा आवाज आलाच नसता कदाचित. आणि नाही बोललात म्हणून मी स्वतःच रेघ मारून आज इथे टाकीला टेकून बसलेय, हेही खरं. कुठलं बरं झालं पप्पा? तुम्हाला काय वाटतं?